अर्ध्यावर बंद केलेला भूतपट

"त्यांना सांगा, मुलगा मेला," असं म्हणून तनयने फोन कापला. आठवड्यातला हा तिसरा फोन. आनेकलच्या प्रेमाआत्याचा.

आत्या! अशी कुणी आत्या जगात आहे हे त्याला मंगळवारपर्यंत ठाऊकही नव्हतं. तिची मुलगी ऋचा त्याच्याच महादेवपुऱ्याच्या ऑफिसात नवी लागली, कँटीनमध्ये त्याचा चेहरा पाहून थबकली, त्याचं नाव विचारलं, आईचं विचारलं आणि घरी जाऊन सांगून मोकळी झाली. आता म्हणे हरीदादा नागपूरहून बहिणीकडे येऊन राहिलाय. त्याची मूत्रपिंडं निकामी झालीत, डॉक्टरांनी हात टेकलेत आणि त्याला मुलाला भेटायचंय.

सत्तावीस वर्षांनी बापाला मुलगा आठवला! तनयच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि रविवार उजाडला तरी ती उतरली नव्हती. आत्या दर वेळी "ऐकून तर घे रे, तुला काही माहीत नाही," असं सुरू करायची आणि तो तिथेच तोडायचा. टाकलेल्या पोरांना सगळं माहीत असतं. सहाव्या वर्षी आईचं बोट धरून तो नागपूरहून या परमुलखातल्या शहरात आला. तीन वर्षांत पाच खोल्या बदलल्या. शाळेत वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी आई त्याला नेमकी घरी ठेवायची. म्हणायची, धड शर्ट नाही तुझ्याकडे. ती एका संशोधन संस्थेत दिवसभर टायपिंग करायची आणि घरी येऊन लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. आडनाव त्याला तिच्या माहेरचं होतं आणि ते तो छाती पुढे काढून सांगायचा.

आत्याच्या फोनबद्दल आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "जाऊ नकोस. गोड बोलून तुला माझ्यापासून तोडतील ते."

"वेडी आहेस का? त्या माणसाकडे मी जाणार?"

पण तेव्हापासून एक जुना भूतपट त्याच्या डोक्यात घोळत होता. 'अकरावी खुर्ची'. खास टीव्हीसाठी काढलेला, एकदाच दाखवलेला, मग जो तो विसरून गेलेला. इथे आल्यावर चारेक महिन्यांनी, केबलवरच्या मराठी वाहिनीवर, तो आणि आई खाटेवर बसून पाहत होते. मध्यंतरात आई ताडकन उठली, टीव्ही बंद केला आणि ढसाढसा रडली. मग त्याला पोटाशी धरून म्हणाली, "बाबा आता कधीच येणार नाहीत. त्यांना आपण नको आहोत." पुढच्या आठवड्यात टीव्ही गेला आणि ती खोलीही गेली. भुताचं पुढे काय झालं ते त्याला कळलंच नाही. बाप मात्र त्या संध्याकाळी पुरता कळला होता.

ऑफिसातल्या सुहासला जुन्या कॅसेटींचं वेड. "अरे, माझी आई पुण्याला दिसेल ते रेकॉर्ड करायची. मी सगळं डिजिटल करून ठेवलंय. ॲड्ससकट आहे, स्वल्प सहन कर," असं म्हणत त्याने फाइल पाठवली.

दुपारी बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये तनयने ती टीव्हीवर लावली. ज्या सिनेमाने आपली कित्येक वर्षांची झोप उडवली तो असला फडतूस निघावा, याचाही त्याला संताप आला. दहा माणसं जेवायला बसतात आणि अकरावी खुर्ची आपोआप मागे सरकते. खुर्चीला बांधलेली दोरी चक्क दिसत होती. भुताच्या तोंडाला फासलेली पावडर गळ्यापाशी संपत होती. याला घाबरलो आपण!

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. साऱ्या बिल्डिंगची ती संध्याअक्का. कुणाला ताप आला की हिचा काढा आधी पोचायचा.

"तनय, जेवून घे. भात गार..." तिची नजर पडद्यावर गेली. "हे काय लावलंस?"

"ओळखलंस ना? बस. आज शेवट बघू दोघं."

"बंद कर ते."

"का? अजून भीती वाटते?"

"जुनं उकरून काय मिळणार आहे तुला? बंद कर म्हणते ना!"

तिने रिमोटवर झडप घातली. त्याने तो मांडीखाली सरकवला. ती भिंतीवरच्या बटणाकडे निघाली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. आईवर त्याने जन्मात कधी हात टाकला नव्हता.

"त्या माणसापायी तू आयुष्यभर रडलीस, आई. मी जाणार नाही त्याच्याकडे, मरू दे त्याला. पण निदान हा सिनेमा तरी मला पुरा बघू दे!"

"तनय, तुझ्या पाया पडते."

"बस म्हणतो ना!"

त्याचा आवाज एवढा चढला की शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. आई सोफ्याच्या कडेवर बसली आणि तिने पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलताना पाहून त्याला बापाचा आणखी राग आला. केवढं पोळलं असेल हिला, की सत्तावीस वर्षांनी एक भिकार सिनेमा सोसवू नये!

पडद्यावर खुर्ची पुन्हा सरकली, बाई किंचाळली आणि मध्यंतराची पाटी आली. मग साबणाची जाहिरात लागली. मग चहाची. मग निळ्या पडद्यावर हरवलेल्या माणसांची माहिती सुरू झाली. साताऱ्याचे एक आजोबा झाले. त्यांच्यामागून एका तरुण बाईचा फोटो आला. तिच्या मांडीवर पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला मुलगा होता.

निवेदिका संथ आवाजात वाचत होती, "संध्या हरी देवपुजारी, वय अठ्ठावीस, आणि मुलगा तनय, वय सहा. नागपूरच्या राहत्या घरातून चार महिन्यांपासून बेपत्ता. यांच्या पतीचा निरोप आहे: संध्या, जिथे असशील तिथून तनयला घेऊन ये. तू म्हणशील तसं करू. कोणी रागावणार नाही."