डोक्यावरून हात

मालकाने पट्टी रोपाच्या बुडाशी टेकवली आणि तोंड कडू केलं. वाटेकडच्या रांगेतली टोमॅटोची रोपं ठेंगणीच राहिली होती. त्याच दिवशी, त्याच बियाण्यातून निघालेली पलीकडची रोपं मात्र जवळजवळ दुप्पट उंच झाली होती.

"बाराच्या बारा ट्रे खुजे," तो म्हणाला. "आणि मळेवाल्या बाई अर्ध्या तासात रोपं न्यायला येतायत."

या काचघरात सगळं मोजूनमापून चालायचं. दार बंद, खिडक्या बंद, वाऱ्याची झुळूकसुद्धा आत यायची नाही. मालकाने रोपांना तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. मग घोडं अडलं कुठे? तो झारीवाल्याकडे वळला.

"या रांगेला पाणी कमी घातलंस तू."

"नाही मालक. सगळ्यांना सारखंच घातलंय."

"मग काय रोपांनीच ठरवलं, वाढायचं नाही म्हणून? सोमवारपासून येऊ नकोस."

झारीवाल्याचा चेहरा एवढासा झाला. मागे ट्रेना चिठ्ठ्या चिकटवत बसलेल्या मावशीने हातातली चिठ्ठी खाली ठेवली, कारण हे कुणाचं काम आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मावशीने अठरा वर्षं पाळणाघरात काढली होती. दुपारी पोरं झोपवायची, गाद्यांच्या रांगेतून फिरत एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवायचा, हीच तिची नोकरी. पाळणाघर बंद झालं, पण ते हाताला कोण सांगणार? तो घरी उशीवरून फिरायचा, मांजरावरून फिरायचा. मांजर शेवटी वैतागून शेजारी राहायला गेलं. मग ही नोकरी मिळाली. ही रोपं विकली जाईपर्यंत बघू, मग कायमचं काय ते ठरवू, असं मालक म्हणाला होता. रोपांना कुणी हात लावायचा नाही, हेही त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मावशी हो म्हणाली होती आणि अगदी मनापासून म्हणाली होती. पण इतकी कोवळी डोकी ओळीने उभी! नळाकडे जाता-येता हात आपला आपणच त्या रांगेवरून जायचा. खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ तिला फार फार बरं वाटायचं.

आता गप्प बसली असती तर तिची नोकरी राहिली असती. ती उठली.

"त्याची काही चूक नाही, मालक. मी हात लावत होते."

"कशाला?"

"डोक्याला."

"कुणाच्या?"

"रोपांच्या. रोज, जाता-येता." एकदा सांगायचंच तर हातचं राखून कशाला, म्हणून ती पुढे म्हणाली, "शनिवारी जरा जास्तच."

मालकाने पट्टी खाली ठेवली. "मावशी, तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

"हो ना."

"मग?"

"राहवलं नाही."

तेवढ्यात दार सताड उघडलं आणि भाजीचा मळा करणाऱ्या बाई आत आल्या. दार लावायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्यामागून वारा आत शिरला आणि उंच रोपांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. काही परत उठली, बरीचशी उठलीच नाहीत. मालकाने धावत जाऊन दार लावलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वाटेकडची ठेंगणी रोपं तेवढी जरा हलून पुन्हा ताठ उभी राहिली.

बाईंनी पडलेल्या रोपांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ठेंगण्यांपाशी वाकून त्यांनी एकाचं खोड चिमटीत धरलं.

"ही कुणी केली?"

झारीवाल्याने हळूच मावशीकडे बोट दाखवलं.

"मी नुसता हात फिरवला हो," मावशी म्हणाली.

"नुसता कसा? रोपाला कळतं ते. हलवलं की त्याला वाटतं बाहेर वारा सुटलाय. मग ते उंची सोडून खोड जाड करत बसतं." बाईंनी ट्रे उचलून गाडीकडे नेण्यासाठी कमरेवर घेतला. "माझी आई वाफ्यावरून रोज काठी फिरवायची. माझ्याच्याने होत नाही, मी आळशी. हे बाराही घेते. पुढच्या खेपेला चाळीस लागतील, पण सगळे असेच हवेत. ती लुकडी तुमची तुम्हाला राहू द्यात."

बाई गेल्यावर मालक बराच वेळ पडलेली रोपं उचलत राहिला. मग झारीवाल्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी वेळेवर ये. मी उगाचच बोललो तुला." आणि त्याने खिशातून वही काढली.

"मावशी, नक्की कसा फिरवता? किती जोर? किती सेकंद?"

"ते लिहून नाही यायचं. या इकडे."

नुकत्याच वर आलेल्या नव्या रोपांची रांग पलीकडे होती. मालकाने बिचकत हात ठेवला आणि फरकन ओढला.

"अहो, ओटा पुसताय का?" मावशी म्हणाली. "हळू. झोपलं असेल तर उठता कामा नये, जागं असेल तर कळलं पाहिजे."

त्याने पुन्हा हात ठेवला. या वेळी पानं वाकली, हाताखालून सरकली आणि मागे परत उभी राहिली. मालक एक पाऊल पुढे गेला, मग आणखी एक. त्याच्या कपाळावरच्या आठ्या कधी गेल्या ते त्यालाही कळलं नाही.

"चाळीस ट्रे मला एकट्याला जमायचे नाहीत," तो पुढे जाता जाता म्हणाला. "आता तुम्ही कायमच्याच या."

मावशीला फार आनंद झाला. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. रांगेच्या टोकाला पोचून मालक वळणार, एवढ्यात तिने हाक मारली.

"मालक, मागे या. ते कोपऱ्यातलं राहिलं. राहिलेलं पोर दिवसभर रुसून बसतं."

मालक मुकाट्याने मागे गेला, आणि त्या एकट्यावरून त्याने दोनदा हात फिरवला.