कानावर चालणारी गाडी

आजींनी तरुणपणी शर्यतीच्या गाड्या पळवल्या, पण वेगाच्या काट्याकडे कधी पाहिलं नाही. त्या गाड्यांना तसला काटाच नसायचा. इंजिन गुणगुणलं की चाळीस, गरजलं की शंभर आणि किंचाळायला लागलं की पाय आवरता घ्यायचा, हे त्यांच्या कानांत पक्कं बसलं होतं.

आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परवान्यासाठी पुन्हा परीक्षा होती. पास झाल्या, तरच रविवारी जुन्या गाड्यांच्या फेरीत त्यांना आपली लाडकी लाल गाडी चालवता येणार होती. परीक्षेसाठी त्यांनी नातीची कोरी करकरीत विजेवरची गाडी मागून आणली होती.

"आजी, जरा सांभाळून हं," शेजारी बसून पट्टा लावत परीक्षक म्हणाले.

"काळजीच नको साहेब, चाळीसच्या वर जायची नाही."

आजींनी कान टवकारले आणि अलगद पाय दाबला. दुकानं, झाडं, दिव्यांचे खांब भराभर मागे पळू लागले.

"अहो आजी, थांबवा! आधी थांबवा!" दोन्ही हातांनी सीट गच्च धरून परीक्षक ओरडले.



"इश्श, एवढं काय घाबरता? अजून इंजिनाने हूं की चूं केलेलं नाही!"