रेशमाचा ताठपणा

"डोळे मीट, आणि लागलं की सांग," हरिश्चंद्र बायकोला म्हणाला.

मागच्या पडवीत बसलेल्या कमळेने हात पुढे केला. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, तो पाहिला आणि कमळेचं ताट, अंथरूण, सगळं ह्या पडवीत आलं. रगतपिती, म्हणजे महारोगच असणार, हे त्यांनीच ठरवून टाकलं. उद्याच्या आगबोटीने तिला दाभोळला माहेरी धाडायचं होतं, ते कायमचं. मुलगा मुंबईहून आला म्हणून आजचा दिवस मिळाला.

हरिश्चंद्र मुंबईत धाग्यांचा ताठपणा मोजायच्या नोकरीत होता. तंतूचं टोक नाजूक तराजूवर टेकवायचं आणि किती भाराला तो वाकतो ते बघायचं. इथे गावात, मांडवीत, ह्या कामाची मनसोक्त टिंगल होई. पण मुंबईच्या एका डॉक्टरांनी त्याच्याकडूनच असे तंतू मोजून घेतले होते. ह्या रोगात कातडी बधिर होते. कुठला तंतू टेकलेला रोग्याला कळतो, ते बघून डॉक्टर निदान करत. तसेच तंतू काड्यांना चिकटवून त्याने बरोबर आणले होते.

त्याने चट्ट्यावर सगळ्यात जाड तंतू, काथ्या, टेकवला.

"लागलं."

मग लोकर. "लागलं." मध्येच त्याने काहीच टेकवलं नाही; कमळा गप्प राहिली. शेवटी रेशमाचा एकेरी तंतू. उजेडात धरल्याशिवाय तो त्यालाही दिसत नव्हता. मुंगीचा पायसुद्धा त्याहून जड असेल. तंतू जेमतेम वाकला.

"लागलं," कमळा म्हणाली.

इतकी वर्षं हरिश्चंद्र तराजूचं कौतुक करत होता, आणि माणसाची कातडी त्याच्या वरताण निघाली. ह्या कातडीपुढे हात जोडावेत असं त्याला वाटलं.

"आई, हे साधं शिबं आहे, नुसता कातडीवरचा डाग. हिला काही झालेलं नाही."

"असलं कुणाला कळतं काय रे?" यमुनाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "घाबरून लागलं लागलं म्हणत्येय ती. मला लाव, बघू."

त्या येऊन बसल्या, पालथा हात पुढे केला आणि डोळे मिटले.

त्याने रेशीम टेकवलं. मग लोकर. मग काथ्या. काथ्याची पार कमान झाली. हरिश्चंद्राने घाबरून कमळेकडे पाहिलं.

पडवीत आल्यापासून कमळेने कुणालाही हात लावला नव्हता. ती पुढे सरकली आणि सासूच्या हातावर तिने आपली बोटं अलगद ठेवली.

"लाव ना रे," यमुनाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "केव्हाची थांबल्येय मी."