व्हिडिओतला धडा

"आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग प्रोजेक्टर लावा." बोराटे गुरुजींनी निगारला दारातच अडवलं. आत बाकीचे शिक्षक हाताची घडी घालून बसले होते. त्यांना मोबाइलवर धड्याचे व्हिडिओ बनवायला शिकवण्यासाठी ती आली होती, पण तिला साधं पाणीही कुणी विचारलं नव्हतं.

"विचारा, गुरुजी."

"आमचे धडे एकदा रेकॉर्ड झाले, की आमची गरज उरणार का?"

"तंत्रज्ञान शिक्षकाची जागा घेत नाही," तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मागून कुणीतरी कुत्सितपणे हसलं.

"हे पत्रकातलं झालं. तुम्हाला काय ठाऊक आहे ते सांगा."

गेल्याच आठवड्यात शिक्षणाधिकारी साहेबांच्या बैठकीत तिने ऐकलं होतं, की व्हिडिओ तयार झाले म्हणजे वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत टीव्ही बसवायचे आणि तिथले शिक्षक कमी करायचे. बाहेर बोलायचं नाही, असंही साहेबांनी बजावलं होतं. तिची स्वतःची नोकरी कंत्राटी होती. तरी तिने सगळं सांगून टाकलं.

आता तरी ही माणसं आपल्याला परकं मानणार नाहीत, अशी वेडी आशा तिला वाटली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," गुरुजी सावकाश म्हणाले, "आणि तरीही शिकवायला आलात."

खुर्च्या सरकल्या. तिच्याकडे न बघता सगळे निघून गेले.

रिकाम्या खोलीतून निगारने साहेबांना फोन लावला. "प्रशिक्षण झालं नाही, सर. मी त्यांना खरं सांगितलं."