पायऱ्यांवरून पडलेले

पिस्तुलाची मूठ झोइलाच्या डाव्या हातावर आदळली आणि दोन बोटं कडकन मोडली. ती किंचाळली. पण ऐकायला होतं कोण? दाराशी पहारेकरी डोकं फुटून निपचित पडला होता.

"उजवा हात ठेवलाय तुला," एल्विन म्हणाला. "टाइप करायला. चल म्हातारे, सगळं होतं तसं कर."

झोइला मुर्सिया ही इस्पितळाच्या नोंद विभागाची प्रमुख. एल्विन हा चेपेचा माणूस. आणि चेपे म्हणजे डोंगरावरच्या वस्तीचा धनी. तिथे कुणाला पाणी मिळेल आणि कोण जिवंत राहील, हे तोच ठरवायचा. त्याच्या टोळीने फोडलेलं, भोसकलेलं माणूस आलं की डॉक्टर कारणाच्या रकान्यात एकच लिहीत: पायऱ्यांवरून पडणे. कोमायागुएला शहरातल्या त्या डोंगराला पायऱ्याच पायऱ्या, शिवाय तातडीच्या विभागाच्या दारात चेपेची माणसं बालेयादा, म्हणजे घेवडा भरलेल्या पोळ्या, खात उभी असायची. डॉक्टरांना तरी कशाला नावं ठेवायची? त्यांनाही त्याच पायऱ्या चढून घरी जायचं असे.

मग सरकारने आजारांची आणि जखमांची यादी बदलली. जुन्या यादीत पायऱ्यांवरून पडण्याला एकच कोड होता. नव्या यादीने तो रद्द केला आणि त्याच्या जागी प्रश्न आणले. घसरून पडला, कुणी ढकलला, की पडलाच नाही? त्याचं उत्तर दिल्याशिवाय संगणक जुनी नोंद आत घेईना. झोइला एकेक केस उघडून शस्त्रक्रियेचे कागद वाचत बसली. पायऱ्यांवरून पडलेल्या माणसाच्या पाठीत गोळी कशी सापडते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने मात्र खरं ते लिहून टाकलं. वेडी म्हणा हवं तर. त्या नोंदी इथे बदलतील तशा आपोआप सरकारी वकिलांच्या कचेरीतही बदलू लागल्या आणि चेपेची झोप उडाली.

"एक बटण दाबलं की झालं, असं म्हणाला चेपे," एल्विन गुरकावला. "तू काय नाटकं लावलीस?"

"त्याला काय कळतंय यातलं!" झोइला कण्हत म्हणाली. "प्रत्येक नोंद वेगळी उघडावी लागते. बदलायचं कारण द्यावं लागतं."

"मग उघड. आणि मोठ्याने वाच. मला गंडवलंस तर दुसरा हातही गेला."

तिने वस्तीच्या नोंदी काढल्या.

"मार्विन अल्वारेंगा. आधी पायऱ्या. आता, चाकूने हल्ला."

"पायऱ्या कर," एल्विन खिदळला. "फार बडबडायचा. माझ्याच हातून पडला बिचारा!"

झोइलाने ‘घसरून पडला’ निवडून बटण दाबलं.

"ओनेयदा पिनेदा. आधी पायऱ्या. आता, पाठीत गोळी."

"साक्ष द्यायला निघाली होती. पायऱ्या फार निसरड्या गं आमच्या!"

तो हसत होता आणि ती दाबत होती. आपणच या माणसांना पुन्हा मारतोय असं तिला वाटलं. स्वतःची किळस आली. पण तिला मरायचं नव्हतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता, तिच्याशिवाय त्याला घोटभर पाणी पाजायला कुणी नव्हतं.

"दिल्सिया बानेगास," तिने पुढचं नाव वाचलं.

एल्विनचं हसू थांबलं. "ही कशाला काढलीस?"

"मी नाही काढली. ओळीने येतंय ते वाचतेय."

"ही सोड. ही खरंच पडली होती."

झोइलाची नजर पडद्यावरच्या ओळीवरून हलेना. ते त्याला सोसेना. त्याने पिस्तुलाची नळी तिच्या कानशिलावर दाबली.

"माझी बहीण आहे ती. चेपेच्या घरात राणीसारखी राहायची. त्याने स्वतः उचलून आणली तिला इथे. माझ्या गळ्यात पडून रडला तो! कळलं? पडली होती म्हण."

"वाचू का?" झोइलाने विचारलं.

तो धापा टाकत होता. "वाच."

"आधी पायऱ्या. आता..." तिने ओळ पुन्हा एकदा तपासली. "गळा दाबून खून. गळ्यावर बोटांचे वण होते. बाकी अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं, बाबा. पडलेलं माणूस असं नसतं."

पिस्तूल हळूहळू खाली आलं. एल्विन समोरच्या खुर्चीत कोसळला. त्याने स्वतःची मूठ तोंडात धरली आणि रक्त येईपर्यंत चावली. इतक्या जणांच्या पायऱ्यांवर दात काढून हसलेला माणूस, आपल्या घरातल्या पायऱ्या मात्र खऱ्या मानून बसला होता. झोइलाला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

एल्विनचा फोन वाजला. चेपेचा आवाज तिला पलीकडूनही ऐकू आला. "काय रे, दाबलं का बटण?"

"दाबलं, चेपे. सगळं होतं तसं केलं."

"शाब्बास! ये, जेवायचा थांबलोय तुझ्यासाठी."

"निघालोच."

त्याने फोन खिशात टाकला, पिस्तुलातल्या गोळ्या तपासल्या आणि उठला.

"आधीच्या नोंदी परत खऱ्या कर."

"त्यात तुझ्या हातून पडलेलेही..."

"कर म्हटलं ना."

पहारेकऱ्याला ओलांडून तो दाराबाहेर पडला. दोन पावलं जाऊन थांबला आणि मागे वळला. आता त्याचा आवाज अगदी साधा होता.

"मावशी, संध्याकाळी एकाला इथे आणतील. त्याला पायऱ्या लिहू नका."