आईचं ओके

पाहुणे यायला पंधरा मिनिटं उरली होती आणि आई टेबलक्लॉथची शिवण तपासत बसली होती.

"आई, ते आपल्याला भेटायला येताहेत, टेबलक्लॉथला नाही," मुलगी म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागला होता. महिनाभर मनधरणी केली तेव्हा कुठे आई या भेटीला तयार झाली होती, तीही एका अटीवर. "भेटेन. पुढचं आत्ता विचारू नकोस."

आई शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. बाबा गेले त्या वर्षी कामाला लागली, त्याला आता तेवीस वर्षं झाली. शिवलेला शर्ट समोर आला की ती तो सुलटा बघायची, मग उलटा करून बघायची, आणि सगळं बिनचूक असेल तरच त्यावर 'ओके'चा गोल कागद चिकटवायची. बाहेर जो तो ऊठसूट ओके म्हणतो, याचा तिला मनस्वी राग.

"भाजीवाला ओके, डॉक्टर ओके, फोन ठेवताना ओके! अर्ध्यांनी समोरच्याचं ऐकलेलंसुद्धा नसतं. ओके म्हणजे मी उलटंसुलटं पाहिलंय, उद्या काही निघालं तर मला विचारा!"

त्यामुळे घरात हा शब्द तिच्या तोंडून कधी निघालाच नाही. मुलगी शाळेत पहिली आली तेव्हाही आई नुसतं "बरंय" म्हणाली होती. आणि आज मुलीला नेमका तोच शब्द हवा होता. आई नाही म्हणाली, तर पुन्हा विचारायची सोय नव्हती.

बेल वाजली. दारात लंबू होता, मुलीच्या ऑफिसात शेजारच्याच टेबलावर बसणारा. हा सगळा घाट त्या दोघांनी जेवणाच्या सुट्टीत घातला होता. त्याच्या मागे त्याचे वडील होते. त्यांच्या हातात फुलं होती आणि ती कुणाकडे द्यावीत हे त्यांना सुचत नव्हतं.

आईने आधी लंबूला धारेवर धरलं. "स्वयंपाक येतो?"

"मला? माझा चहासुद्धा उतू जातो. घरात सगळं बाबाच करतात."

"चिडकं कोण आहे घरात?"

"मीच," लंबू छाती फुगवून म्हणाला.

धन्य आहे, असं तोंड करून आई त्याच्या वडिलांकडे वळली. तिची नजर त्यांच्या बाहीवर अडकली.

"हे बटण कोणी लावलं?"

"मी. दोरा जरा वेगळा आहे. घरात तेवढाच होता."

"बघू."

गृहस्थांनी निमूटपणे हात पुढे केला. आईने बाही उलटी करून पाहिली.

"गाठ पक्की मारलीय."

"पुन्हा सुटायला नको म्हणून," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

आई खुदकन हसली. कित्येक वर्षांत मुलीने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मुलीला एकदम भरून आलं. लंबूने तिला हळूच कोपराने ढोसलं.

तास गेला, दोनदा कॉफी झाली, गप्पा कारखान्यातल्या शिवणयंत्रांपासून पायदुखीपर्यंत पोचल्या. शेवटी मुलीला राहवेना.

"आई, काय ते एकदा सांगून टाक ना!"

आईने एकेकाकडे सावकाश पाहिलं. लंबूने श्वास रोखून धरला.

"ओके," आई म्हणाली.

मुलीने तिला घट्ट मिठी मारली. हसू आणि रडू एकदमच फुटलं. लंबूचा आनंद तर गगनात मावेना. तो खुर्ची पाडत उठला, फोन लावला आणि पलीकडून उचलला जाताच ओरडला, "अगं, पोरांना सांग, आजोबांचं लग्न ठरलं!"