आईची बसायची जागा

बाबांचा हात छातीपासून निघाला, थोडा पुढे गेला आणि हवेतच थांबला. मग मुकाट्याने मांडीवर येऊन पडला.

"पुन्हा तेच," जावई हळूच म्हणाला. खरं तर हळू बोलायची काही गरज नव्हती. बाबा जन्मापासून बहिरे. पण दुसऱ्याचं उणं काढताना आवाज आपोआप खाली येतोच.

मुलीने हातांनी बाबांना एवढंच विचारलं होतं, 'तुम्ही आणि आई पहिल्यांदा कुठे भेटलात?' ही गोष्ट त्यांनी तिच्या लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की ती तिला पाठ होती. आणि आता, या नव्या घरात राहायला आल्यापासून, आईचा विषय निघाला की बाबांच्या हातांना कुलूप. फोटो पुढे धरला तर फोटोकडे बघून नुसती मान हलवायचे. बस्स.

"उद्या डॉक्टरांकडे नेऊन आणू," जावई म्हणाला. "या वयात होतं गं विसरायला. मनाला लावून घेऊ नकोस."

कसं लावून घ्यायचं नाही? आई जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. बाबाच तिला विसरले, तर मग आई उरली कुठे?

गंमत म्हणजे बाकीचं सगळं बाबांच्या अगदी लक्षात होतं. जन्मभर त्यांनी वेताच्या खुर्च्या विणल्या. दुकानातल्या गोष्टी ते अजून रंगवून सांगत. मालकाला हवेत डावीकडे बसवायचे, गिऱ्हाइकाला उजवीकडे, आणि मग त्यांचा हात नुसता धावायचा. मालकाने गिऱ्हाइकाला काही सांगितलं की हात डावीकडून उजवीकडे. गिऱ्हाईक मालकावर उखडलं की उजवीकडून डावीकडे. हातांच्या भाषेत असंच असतं. सांगणं, विचारणं, देणं, सगळं एका माणसापासून उचलायचं आणि दुसऱ्यापर्यंत नेऊन पोचवायचं.

परक्यांना बाबा हवेत कुठेही बसवत. आईची जागा मात्र ठरलेली. जुन्या घरात खिडकीसमोर तिची वेताची खुर्ची होती. बाबांनीच विणलेली, आणि एका पायाने कायम लंगडी, कारण लोकांच्या खुर्च्यांतून सवड झाली की ते ती दुरुस्त करणार होते. आई बाजारात गेलेली असली तरी 'आईला विचार' म्हणताना बाबांचा हात त्या खुर्चीकडेच जायचा. लहानपणी मुलगी खुर्चीत चढून बसली की तिला उठवायचे. 'ऊठ तिथून. तुझी आई मला काय काय बोलली ते सांगायचंय.' तीही मुकाट उठायची.

आई कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. कुणाच्याही घरी गेली की आधी उजेड बघायची. हातच दिसले नाहीत तर बोलणार काय, कपाळ? घर फारच पसंत पडलं तर म्हणायची, 'उजेड बरा आहे.' याच्या पुढे तिच्या कौतुकाची मजल कधी गेली नाही.

जुनं घर सोडताना ती खुर्ची भंगारात गेली. मुलीनेच दिली. इथे नवा सोफा होता. बाबा तेव्हा काहीच बोलले नव्हते.

मुलगी चहा करायला उठली. कप घेऊन आली तर बाबा साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसलेले, चमचा तोंडात. डॉक्टरांनी साखर साफ बंद केलेली. मुलीचा पारा चढला. कप ठेवून तिने हात उचलले, आणि लहानपणापासूनची घरातली एकुलती एक धमकी त्या हातांत आपसूक आली. 'थांबा, आईला सांगते!'

तिचा हात छातीपासून निघाला. थोडा पुढे गेला. सोफ्याकडे? कपाटाकडे? टीव्हीकडे? हात हवेतच थांबला.

बाबा त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिले. साखरेचं विसरूनच गेले.

"अगं बाई!" मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडली की जावई आतून धावत आला.

तोवर ती जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची फरफटत खिडकीपाशी घेऊन गेली होती. बाबांनी मान हलवली. इथे नाही. उठले, खुर्ची जरा मागे घेतली, फिरवली, लांबून बघितली, पुन्हा फिरवली. आता खिडकीतला उजेड बरोबर बसणाऱ्याच्या तोंडावर आणि हातांवर पडत होता.

मग ते समोर बसले. हात छातीपासून निघाला तो थेट त्या खुर्चीपर्यंत गेला. पुन्हा गेला. पुन्हा गेला. किती दिवसांचं साचलेलं होतं, कोण जाणे.

"काय सांगतायत?" जावयाने विचारलं.

"चहाड्या करतायत आईकडे," मुलगी म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. "मी साखर देत नाही. तू सोफ्यावर पाय घेऊन बसतोस. उद्याचं ते डॉक्टरांचं राहू दे."

बाबा थांबले. खुर्चीकडे बघत राहिले. मान डोलावली. मग त्यांचा हात उठला, या वेळी खुर्चीपासून निघाला, आणि सगळी खोली ओलांडून मुलीपर्यंत आला.

'ती तुला सांगतेय, खुर्ची टोचते. पण उजेड बरा आहे.'